पोचवायला आलेली आई

आज पौर्णिमा, माझ्या शाकाहाराच्या व्रताचा दिवस. चीनमधल्या छोंगछिंग शहराच्या मेट्रोने मी करुणेची देवी क्वानयिन हिच्या दर्शनाला निघाले होते. शेजारी एक म्हातारी आई आणि तिची लेक बसल्या होत्या.

"आई, स्टेशनपर्यंत पोचवते म्हणालीस आणि थेट गाडीत चढलीस!"

"म्हाताऱ्यांना तिकीट नाही. मग दाराशी कशाला थांबू?"

"बरं, आता पुढच्या स्टेशनावर उतर."

"उतरते. लोणच्याची बरणी सरळ धर, तेल सांडेल."

"तीन स्टेशनं गेली, आई."

"मोजतेयस होय गं, रुइझेन? पूर्वी आधी होडी, मग दोन बस. यायलाच संध्याकाळ व्हायची, म्हणून राहायचीस तरी."

"आता चाळीस मिनिटांत येते. दर रविवारी येते की!"

"येतेस, जेवतेस आणि घड्याळ बघतेस. सांगायचं असतं ते मला तू गेल्यावर आठवतं."

"सकाळी कामावर जायचं असतं गं."

"जा की! मी कुठे अडवलंय? हे आलं स्टेशन, उतरते."

"चल."

"तू कशाला उठलीस? तुझं स्टेशन अजून लांब आहे."

"तुला घरी पोचवते."

"वेडी का काय! मग परत कधी जाणार?"

"उद्या. पहिली गाडी साडेसहाला असते."

"साडेसहाला? म्हणजे मला पाचला उठून नूडल्स करायला हव्यात. अगं, मग उभी काय राहिलीस? उतर लवकर, दार मिटेल!"