टकल्याने मागितलेले कंगवे

(व्यापार कराराच्या वाटाघाटी आटोपून साहेब कालच परदेशाहून परतलेत. बैठकीच्या खोलीत पुष्पगुच्छांमुळे बसायला जागा उरलेली नाही. तरीही त्यांचा मेहुणा, कंगव्यांचा कारखानदार, आणखी एक पुष्पगुच्छ घेऊन आलाय. ताई म्हणजे साहेबांची बायको आणि कंगवेवाल्याची थोरली बहीण.)

कंगवेवाला : ...आणि मी भर सभेत ठणकावून सांगितलं, दाजी! म्हटलं, स्पर्धेला घाबरतो तो कारखानदार कसला? होऊ द्या खुला व्यापार, येऊ द्या जगाला! टाळ्या काही थांबेनात.

ताई : आणि तुझे कंगवे?

कंगवेवाला : कंगवे सोडून गं. कंगवे राखीव यादीत आहेत, त्यांच्यावरचं आयात शुल्क कोणी कमी करत नाही. दाजींनी शब्दच दिलाय. बाकीच्यांनी करावी स्पर्धा. जोडेवाले आहेत, कुलूपवाले आहेत, चांगली धडधाकट माणसं आहेत.

साहेब : छोटेराव, चहा घेता?

कंगवेवाला : घेतोय की. दुसरा कप चाललाय.

साहेब : मग तिसरा घ्या.

ताई : अहो, झालंय काय तुम्हाला? आल्यापासून दिसेल त्याला चहा पाजताय. सकाळी पेपरवाल्याला धरून आत आणलात.

साहेब : काही नाही. म्हणजे... हे बघा छोटेराव, वाटाघाटी म्हणजे शेवटी देवाणघेवाण असते. थोडं द्यायचं, थोडं घ्यायचं.

कंगवेवाला : बरोबर. कोणाचं दिलंत?

साहेब : आधी ऐकून तर घ्या. तुमच्या कंगव्यांसाठी मी जिवाचं रान केलं. पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, बाकी काय हवं ते मागा, कंगव्यांना हात लावू देणार नाही.

कंगवेवाला : शाब्बास दाजी!

साहेब : पोलादाचा विषय निघाला, मी म्हटलं, ठीक आहे, कंगवे सोडून. औषधांवर आलो. म्हटलं, घ्या, पण कंगवे सोडून. जेवायला बसलो, त्यांच्या प्रमुखाने नुसतं मीठ मागितलं, तर माझ्या तोंडून निघालं, "देतो, पण कंगव्यांचं तेवढं..."

ताई : अगं बाई!

साहेब : तो प्रमुख पक्का मुरलेला गडी. डोक्यावर औषधालाही केस नाही. घास हातात धरून माझ्याकडे टक लावून बघत बसला. त्या दिवसापासून त्याच्या माणसांची आपापसात कुजबुज सुरू. एवढा मोठा देश, खाणी आहेत, बंदरं आहेत, आणि हा माणूस कंगव्याला कवटाळून बसतो. म्हणजे नक्कीच यात काहीतरी घबाड आहे.

कंगवेवाला : मग?

साहेब : मग शेवटच्या बैठकीत तो म्हणाला, आम्हाला तुमचं बाकी काही नको. कंगवे द्या.

कंगवेवाला : आणि तुम्ही?

साहेब : मी ताडकन उठून बाहेर गेलो.

कंगवेवाला : याला म्हणतात बाणा!

साहेब : हात धुवायला गेलो होतो. परत आलो तर टेबलावर पेनं मांडलेली, फोटोवाले सज्ज, आणि मंत्र्यांचा फोन. एका कंगव्यापायी करार अडवता का म्हणाले.

कंगवेवाला : दाजी, सरळ सांगा. कंगवे गेले?

साहेब : शून्य टक्के शुल्क. येत्या वर्षापासून.

ताई : छोट्या, कप खाली ठेव आधी. सांडेल.

कंगवेवाला : त्यांच्याकडे कंगव्याचे कारखाने तरी किती आहेत? असतील दोन-चार किरकोळ.

साहेब : एकही नव्हता.

ताई : नव्हता? मग त्याला कशाला हवे होते कंगवे? स्वतःच्या टकलावर फिरवायला?

साहेब : आता कारखाना काढतायत. आपल्या शहराएवढा मोठा. जागा ठरली, यंत्रं मागवली. आम्ही इतकं जपतोय म्हणजे धंद्यात दम असणार, असा त्यांचा हिशोब.

ताई : म्हणजे तुम्ही तोंड बंद ठेवलं असतंत तर...

साहेब : तर त्यांच्या मागण्यांत कंगव्याचा क ही नव्हता.

ताई : धन्य आहे. भाजी घेताना तरी तुम्ही आवडलेल्या वांग्याकडे बघू नका असं मी वीस वर्षं सांगतेय. भाजीवाली भाव चढवते.

कंगवेवाला : बदल्यात काय मिळालं? काहीतरी तर मिळालं असेल ना? नुसतेच वाटून आलात?

साहेब : मिळालं ना! त्यांच्या बाजारात आपल्या बर्फगाड्यांवर शून्य शुल्क.

कंगवेवाला : कसल्या गाड्या?

साहेब : बर्फावरून घसरत जायच्या. त्यांच्याकडे फार खप आहे.

ताई : आपल्याकडे बर्फ फक्त फ्रिजमध्ये होतो, अहो! कोण करतं या गाड्या?

साहेब : अजून कोणी नाही. पण संधी निर्माण झालेली आहे.

कंगवेवाला : बाबांनी उभा केलेला कारखाना, दाजी! आणि तुम्ही तो घसरगाडीवर बसवून पाठवून दिलात!

साहेब : तुम्हीच म्हणाला होतात, येऊ द्या जगाला!

कंगवेवाला : कंगवे सोडून म्हणालो होतो!

साहेब : सभेत तसं म्हणाला नव्हतात.

ताई : आणि छोट्या, तूही फार छाती बडवू नकोस. तुझा कंगवा ओल्या केसांतून फिरवला की केसांआधी त्याचेच दात गळतात. बाबांच्या वेळचा माल कुठे आणि तुझा कुठे. शुल्क होतं म्हणून खपत होता तो.

कंगवेवाला : तू कोणाच्या बाजूने आहेस?

ताई : माझे केस गळतात, त्यांच्या बाजूने.

साहेब : एक मार्ग आहे. त्यांना इथे माल विकायला भरवशाचा माणूस लागणार. मला विचारत होते, कोणी ओळखीचं आहे का.

कंगवेवाला : अजिबात नाही! मी? मी त्यांचे कंगवे विकू? बाबांच्या फोटोला काय तोंड दाखवू? उपाशी राहीन, पण... कमिशन किती म्हणाले?

साहेब : चांगलं आहे.

कंगवेवाला : चांगलं म्हणजे?

साहेब : कारखान्यात सुटतं त्याच्यापेक्षा चांगलं. शिवाय वीजबिल नाही, यंत्रं नाहीत, कटकट नाही.

कंगवेवाला : पूर्ण देशासाठी?

साहेब : पूर्ण देशासाठी.

कंगवेवाला : नाही, म्हणजे, कोणीतरी विकणारच ना. परक्याने विकण्यापेक्षा घरच्याने विकलेले काय वाईट?

ताई : वा! बाबांचा फोटो भिंतीकडे तोंड करून लावा आता. आणि दात घासायला बसणाऱ्या बायका?

साहेब : दात घासायला?

ताई : कंगव्याचे दात, अहो. साच्यातून निघाले की खरखरीत असतात, ते एकेक घासून गुळगुळीत करावे लागतात. तीसेक बायका आहेत. निम्म्या बाबांच्या वेळच्या. मला शाळेत जाताना वेण्या घालून देणारी म्हातारी अजून तिथेच बसते. त्या कुठे जाणार?

साहेब : त्यासाठी करारात एक स्वतंत्र प्रकरण आहे. पुनर्कौशल्य.

ताई : म्हणजे?

साहेब : म्हणजे त्यांना दुसरं काहीतरी शिकवायचं.

ताई : काय? बर्फावर घसरायला?

कंगवेवाला : ताई, थांब. दाजी, एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. मी खरं तर तुम्हाला न्यायला आलोय. शिफ्ट सुटली तरी बायका कारखान्यात थांबल्यात.

साहेब : कशासाठी?

कंगवेवाला : तुमचा सत्कार करायचाय त्यांना. मीच सांगितलं होतं ना, दाजी आहेत तोवर कोणी काळजी करायची नाही. या पुष्पगुच्छाची वर्गणी त्यांनीच काढली. दुसरा एक तिकडे ठेवलाय, स्टेजवर द्यायला.

ताई : स्टेजसुद्धा आहे?

कंगवेवाला : खोक्यांचं आहे. पण वर सतरंजी टाकलीय.

साहेब : मी नाही येणार. कामं आहेत. फोन करून सांगा, साहेबांना ताप आला.

ताई : परदेशात जाऊन सगळ्या जगाशी बोलून आलात, आणि या तीस बायकांशी बोलवत नाही?

साहेब : तिथे समोर कोण बसतं, माणसं थोडीच असतात? शिष्टमंडळ असतं.

ताई : ते काही नाही. चपला घाला. छोट्या, तूही. आज, आत्ता सांगायचं, दोघांनी मिळून, तिथे उभं राहून. एजन्सीचंही सांगायचं. मी पहिल्या रांगेत बसते, त्या म्हातारीशेजारी.

कंगवेवाला : मी आधी काही बोलणार नाही. दाजी बोलतील.

साहेब : मालक तुम्ही आहात.

कंगवेवाला : सही तुमची आहे.

ताई : गाडीत भांडा.

साहेब : बरं, येतो. पण छोटेराव, बोलून झालं की... तिथून मागच्या दाराने निघता येईल का?

ताई : कारखान्याला दार एकच आहे हो. चला.