दोन ठेवायची, बाकी कापायची

…आणि वर मलाच म्हणतात, तुझं काळीज दगडाचं आहे! माझं? आता तुम्हीच ऐका आणि सांगा. आमचे हे सलून चालवतात, सत्तावीस वर्षं झाली. रोज वीस-पंचवीस डोकी हाताखालून जातात. कॉलेजातला पोरगा ‘थोडेच हं काका’ म्हणून बसतो आणि उठतो तेव्हा त्याची आईसुद्धा त्याला ओळखत नाही. असा हा माणूस, तुम्हाला सांगते, एका झाडाला कात्री लावायला ह्यांचा हात उचलत नाही.

झाड लेकीचं. फायकस. नोकरीसाठी परगावी निघाली तेव्हा वीतभर रोप ह्यांच्या हातात दिलं, बोन्साय करा म्हणून. ‘सोपं आहे बाबा, फांदीला सहा पानं आली की दोन ठेवायची, बाकी कापायची. तुमचं तर रोजचंच काम.’ हे नुसती मान हलवत राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं. ती गेली. सहा पानं आली. हे कात्री घेऊन गेले आणि तसेच परत आले. म्हणे, आत्ताच तर आलीत बिचारी. मग बारा आली, मग मोजणंच सुटलं. फांदी वळवायला तार गुंडाळतात ना, ती ह्यांनी गुंडाळली, खाली कापूस घालून! टोचेल म्हणे. बशीएवढी कुंडी गेली, बादली आली, बादली गेली, पिंप आलं, खिडकी पानांनी भरून गेली, मी भर दुपारी दिवा लावून भाजी निवडतेय… समजावलं, भांडले, आठ दिवस अबोला धरला. पण कात्री लावायला हात उचलत नाही.

आणि लेकीनं फोनवर बोन्सायची चौकशी केली की हे काय करायचे, तर शेंड्याची एक डहाळी वाकवायचे, खाली बशी धरायचे आणि फोटो पाठवायचे. ती ऑफिसभर कौतुकानं दाखवायची. दोन वर्षं हे असंच! आणि दीड महिन्यापूर्वी तिचा निरोप आला, शनिवारी येतेय, बोन्साय माझ्या टेबलावर ठेवायला घेऊन जाईन.

शुक्रवारी ह्यांनी सलून बंद ठेवलं. सकाळभर पिंपासमोर स्टूल टाकून बसले. कात्री मांडीवर. हात उचलत नाही. शेवटी मीच करवत घेतली. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पांढरा चीक ओघळायला लागला तेव्हा मात्र वळले, आत गेले आणि… तुरटी आणली हो. खोडाला तुरटी लावली!

लेक आली. नुसता बुंधा बघून आता रडारड होणार, असं मी धरूनच चालले होते. तर ही हरखली. एवढा जाड बुंधा हवा तर आधी असंच मोकाट वाढवून मग छाटावं लागतं म्हणे. विचारते, बाबा, कुठे शिकलात? हे म्हणाले, ‘अनुभव.’ तिनं मुळं छाटली, बुंधा एका उथळ कुंडीत बसवला आणि दुसऱ्या दिवशी निघाली. हे गाडीपर्यंत गेले, काच खाली करायला लावली आणि एवढंच म्हणाले, ‘फार कापू नकोस त्याला.’

मला वाटलं, सुटले. काल डबा द्यायला सलूनमध्ये गेले, तर आरशाखाली ओळीनं अकरा बरण्या. त्यात कापलेल्या फांद्या. प्रत्येकीला मुळं फुटलेली. हे खालमानेनं गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकत म्हणाले, ‘ती एक घेऊन गेली ना. घर ओकंओकं वाटतं.’

डबा ठेवला, येताना भांडीवाल्याकडे थांबले आणि दहा पिंपं सांगून आले. एक घरात आहेच.