आबाचे मासे गुदमरले तेव्हा

हसू नका, एरवी मी थापा मारतो, पण त्या सकाळी मी खरं बोलत होतो. तीन दिवस ढगाळ हवा होती आणि माझ्या मेहुण्याच्या, आबाच्या, शेततळ्यात सगळे मासे तोंड वर काढून धापा टाकत होते.

"दाजी, भूक लागनी त्यासले!" आबाने खाद्याचं पोतं उचललं.

"टाकू नको! ऊन नाही म्हणून तळाच्या पाण्यातली हवा संपलीय, आता वरचीही संपतेय. बोअर लाव, फवारे सोड."

"पानीमा मासा गुदमरस? तुमनी नवी थाप!"

तेवढ्यात दोन मासे उलटे झाले. मी फोन कानाला लावल्यासारखं केलं आणि ओरडलो,

"अरे, अनुदानवाले साहेब निघालेत! त्यांना कारंजं दाखवायचंय."

पाच मिनिटांत फवारे उडाले. दुपारपर्यंत मासे खाली गेले.

"आबा, साहेब येणार नाहीत," मी कबूल केलं.

"दाजी, हाई बी तुमनी थाप! मी नही फसाव!" म्हणत तो इस्त्रीचा शर्ट घालून साहेबांची वाट पाहत संध्याकाळपर्यंत बांधावर उभा राहिला.