सहा नंबरची पेटी

—नाही हो भाऊ, चूक नाहीये ती. लिहिलंय तसंच आहे, बूट, सहा नंबर, एक जोड. बाकीचं आधी उतरवून घ्या ना, त्या एका ओळीपाशी कशाला अडताय — आणि त्या स्टुलावर नका बसू, डुगडुगतं ते, ही खुर्ची घ्या. हां. तर सुट्टीचे आठवडे सहा. पहिल्या आठवड्यात पोहण्याचे चष्मे आणि टोप्या, कारण पोहण्याचे वर्ग तेव्हाच सुरू होतात आणि आया रिक्षा थांबवून दारातूनच ओरडतात, अहो, चष्मा द्या पटकन! — म्हणून ते इथे, हाताशी. दुसऱ्या आठवड्यात बॅडमिंटनच्या रॅकेटी आणि फुलं. तिसऱ्यात पोरं उन्हाला विटतात, मग कॅरम, बुद्धिबळ. शेवटच्या आठवड्यात शाळेचे पांढरे बूट, तेव्हा कुणाला खेळ आठवत नाही. आणि फुटबॉल सगळे हवा भरून बाहेर जाळीत टांगायचे, खोक्यात नाही ठेवायचे — आमचे हे म्हणतात, बसलेल्या चेंडूकडे कुणी ढुंकून बघत नाही, फुगलेल्याला मात्र येणारा-जाणारा एक टप्पा मारतोच, आणि टप्पा मारला की समज अर्धा विकला गेला. सगळी आखणी यांचीच. मी आपली वाचून दाखवणारी.

तुम्ही नवीन ना, म्हणून विचारताय. तुमच्या आधी कंपनीकडून मागणी घ्यायला काका यायचे ते कधी विचारायचे नाहीत. चष्मा पुसायचे, लिहून घ्यायचे, पाणी मागायचे. निवृत्त झाले म्हणता? बरं झालं, पाय सुजायचे त्यांचे. — पुन्हा तिथेच पेन्सिल टेकवलीत तुम्ही. बोला, काय ते बोला.

हो का. म्हणजे मुलांचे नंबर पाचपर्यंतच. सहापासून मोठ्यांचं वेगळं पुस्तक, आणि त्यात सुटा जोड मिळत नाही, बाराची पेटी घ्यावी लागते. हे नव्हतं हो माझ्या ध्यानात. आजवर मुलांच्या मिसळ पेटीतून तो एक जोड यायचा, वीस-पंचवीस जोडांत मिसळून जायचा, ना तुम्हाला कळायचं ना आम्हाला. — म्हणजे तो मोठ्यांत गेला म्हणायचा.

आमचा मुलगा. नाही, इथे नसतो. — नाही, शिकायलाही नाही. गेला तो. तिसरं वर्ष चालू आहे, ताप आला होता, तीन दिवस. — अहो बसा, उठताय कशाला, तुम्हाला काय ठाऊक. पाणी देऊ? मला काही होत नाही आता सांगताना. सुरुवातीला लोक विचारायचे तेव्हा मी पदर तोंडाशी न्यायचे, आता शटलचा डबा कुठे ठेवलाय तसं सांगते. देवापुढे बसते रोज, ते चुकत नाही. मागणं संपलं, नमस्कार चालू आहे.

ही वही बघा, म्हणजे कळेल. उघडा, उघडा. पावलं आहेत सगळी. दर सुट्टीत बूट घ्यायला आलेल्या पोराला हे कागदावर उभं करायचे आणि पेन्सिलीने पावलाभोवती रेघ मारायचे — गुदगुल्या व्हायच्या पोरांना, ही बघा रेघ इथे पळालीय, तो ढेबऱ्या हसून हसून पडलाच होता. कशाला, तर पुढच्या वर्षीची मागणी भरायला. वर्षाला एक नंबर, हा यांचा हिशेब. तिनाचा पाय असला की चाराचा बूट मागवून ठेवायचा, पोरगं आलं की बूट तयार. आई म्हणायची, अगबाई, तुम्हाला कसं कळलं? हे म्हणायचे, आमचं दुकान ज्योतिषाचंही आहे. समोरचं ते मोठं काचेचं दुकान झालं ना, त्यांच्याकडे सगळं आहे, हे नाही.

तर तो गेला, आणि चार महिन्यांनी सुट्टीची मागणी आली. हे वही घेऊन बसले, पान उलटायचं, एक मिळवायचा, लिहायचं. पान उलटायचं, एक मिळवायचा. त्याचं पान मधेच होतं — तीन नंबर, त्याखाली त्याच्याच हाताने काढलेली मिशी, अंगठ्याला. यांनी चार लिहिलं आणि पान उलटलं. चूकच होती हो ती, हात चालत होता तसा चालला. पण मला दिसली आणि मी गप्प बसले. म्हटलं, आता खोडायला लावायचं म्हणजे काय काय बोलावं लागेल. बूट आले. यांनी खोकं उघडलं, बघितलं, आणि ते वरच्या फळीवर सरकवलं. पुढच्या वर्षी पाच आला, तेव्हा चूक नव्हती.

ते पाचचं काय झालं ते — नको, जाऊ दे. तुम्ही गोळ्यांचं लिहा, गोळाफेकीच्या. शाळा मागतात.

मी विकला तो जोड. काय बघताय? विकला. गेल्या सुट्टीत एक मुलगी आली होती, दोन वेण्या, बरोबर आजी. दुसऱ्या दिवशी धावायच्या शर्यती, आणि पाच नंबर संपलेला. मी म्हणाले, संपला बाळा. ती नुसती उभी राहिली. समोरच्या दुकानातूनही परत आली होती म्हणे. मग मी स्टूल घेतलं — तेच, डुगडुगणारं — आणि वरचं खोकं काढलं. तिने बूट घातले आणि विचारलं, पळून बघू? आणि त्या कॅरमपासून दारापर्यंत पळाली, परत आली, पुन्हा पळाली. दुकानात एवढासा आवाज येतो ना नव्या तळव्यांचा. आजी म्हणते, अगं पुरे, लोकांचं दुकान आहे. मी म्हटलं, पळू दे. खरं सांगू भाऊ? मला बरं वाटलं. तो गेल्यापासून तेवढंच एक. आणि तेवढ्याचंच मला इतकं भय वाटलं की रिकामं खोकं मी पुन्हा वर ठेवून दिलं, झाकण लावून.

यांना सापडलंच. झाडताना हलकं लागलं असणार. दोन दिवस सगळ्या फळ्या रिकाम्या करून शोधलं यांनी, गुडघेपट्ट्या, ग्लव्ह्ज, सगळं जमिनीवर. मी सांगू शकत होते. दोन दिवस होते माझ्याकडे. नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी यांनी सगळं जागच्या जागी लावलं, नीट, नंबरवार, आणि वर घरात गेले ते दुकानात पुन्हा उतरलेच नाहीत. वर्ष होत आलं. जेवतात, अंघोळ करतात, चिडत नाहीत. हवा गेलेल्या चेंडूसारखं नुसतं एका जागी बसतात. फक्त ही मागणीची यादी तेवढी केली, परवा, मला हाक मारून दिली. हाक मारली हो, किती दिवसांनी. तेव्हाच मी नेम धरला, की यादीला माझा हात लागणार नाही. एक ओळ खोडायची नाही, एक अक्षर वाढवायचं नाही. एकदा केलं ते बास.

म्हणून म्हणते, खोडू नका. माल आला की यादीवर टिकमार्क करायला कागद वर जाणार, आणि ती ओळ मोकळी राहिली तर — मी नाही सांगू शकणार काय होईल. कदाचित काहीच नाही होणार. तेच तर.

हो, कळतंय हो मला, अकरा जोडांचं काय करायचं. मोठी माणसं समोरच्या दुकानात जातात. आणा ती वही. आमच्या पोराचं पान हे — ह्याच्या पुढची बघा, एकाच दिवशीची आहेत, सगळी टोळी आली होती. हा ढेबऱ्या. हा लंबू, ह्याचा तेव्हाच साडेतीन होता. हा चष्मिस. ही जुळी, दोघांचा मिळून एकच कागद. तीन, तीन, साडेतीन, तीन — वर्षाला एक म्हटलं तर सगळे सहाच्या आसपास आलेत की आता. तेरा वर्षांची झाली असतील पोरं. मिसरूड फुटलं असेल लंबूला.

इथे नाही येत ती. तेव्हापासून एकही नाही. आया रस्ता ओलांडून पलीकडून जातात, मला दिसतं इथून. माझ्यासमोर आपलं पोर घेऊन कसं उभं राहायचं म्हणून — वाईट नाहीत हो, चांगल्या आहेत म्हणूनच. मीही कधी हाक मारली नाही. मला वाटायचं, त्यांचे वाढलेले पाय मला बघवणार नाहीत. बघवतील का? काय माहीत. बधिर झालेल्या बोटाला टाचणी लागली तर कळतं का, तसं. लागल्याशिवाय कसं कळणार.

लिहा. पेटी लिहा. — तुमच्या हाताने लिहा, माझा नेम आहे. 'एक जोड' तसंच राहू दे, त्याच्या खाली लिहा, पूर्ण पेटी. त्यातला एक वर जाईल यांच्याकडे, मी स्वतः नेईन, आणि पाचचंही सांगेन तेव्हा. पळणाऱ्या मुलीचं. ऐकतील की नाही ते ऐकतील.

झालं ना? सही इथे, तुमच्या पावतीवर? घ्या. आता निघा तुम्ही भाऊ, चहाचं नाही विचारत आज, राग मानू नका. वहीत आयांचे फोन लिहिलेले आहेत, पानाच्या कोपऱ्यात, अक्षर पुसट झालंय, उजेड आहे तोवर लावते. दार ओढून घ्या. — सात, दोन, दोन — नाही, सात, दोन, नऊ —

हॅलो? हो, मीच गं. दुकानातून. — नाही नाही, सगळं ठीक. रडू नकोस बाई, ऐक. लंबूच्या पायाचा नंबर आता किती झालाय?