अंजूर ते इंदूर, एका उजेडात

दिनांक ९ फेब्रुवारी २००७, शुक्रवार. वेळ सायंकाळी साडेचार.

माझे नाव श्रीमती विनिता चांगदेव तरे, वय ६४ वर्षे, धंदा: सेवानिवृत्त, पूर्वी दूरध्वनी केंद्रात पर्यवेक्षक. राहणार मु. पो. अंजूर, ता. भिवंडी, जि. ठाणे.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती सहा वर्षांपूर्वी वारले. माझ्या नावावर एक पांढरी मारुती गाडी आहे आणि ती मी स्वतः चालवते. गाडीची कागदपत्रे व माझा परवाना हवालदार पंढरी गायकर यांनी दोनदा पाहिला आहे. तिसऱ्यांदा पाहायचा असल्यास तो टेबलावरच आहे.

माझ्या शेजारी राहणारा मनोज लडकू म्हात्रे याने आज सकाळी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, त्याची आई ठमाबाई हिला मी फूस लावून पळवून नेले. ठमाबाईचे वय एकसष्ट आहे. तिला दोन मुले, एक सून, एक जावई आणि चार दिवसांपासून एक नात आहे. इतक्या वयाच्या बाईला फूस कशी लावतात हे मला माहीत नाही. तक्रारीत असेही लिहिले आहे की ती भोळी आहे. तिच्याबरोबर कोळणीकडे मासळी घ्यायला गेलेला कोणीही माणूस हे लिहिणार नाही.

ठमाबाईची मुलगी मेघाली हिने दोन वर्षांपूर्वी लग्न केले. मुलगा भिवंडीजवळच्या पूर्णा येथील एका गोदामात सुपरवायझर होता, इंदूरकडचा आणि आपल्या जातीचा नव्हे. मनोजने गावकीत उभे राहून सांगितले की, आम्हाला बहीण नाही. त्या दिवसापासून त्या घरात मेघालीचे नाव निघाले नाही. मेघाली इंदूरहून माझ्या घरच्या फोनवर फोन करते आणि ठमाबाई ताक मागायच्या निमित्ताने येते. या दोन वर्षांत केले इतके ताक मी आधी कधी केले नव्हते.

दिवाळीच्या सुमारास मेघालीला दिवस गेल्याचे आम्हाला कळले. पहिले बाळंतपण माहेरी होते, हे पोलिसांना सांगण्याची गरज नाही. ते होणार नव्हते. तेव्हा ठमाबाई माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "बाय, माझ्या दोनी पोरांच्या पाचवीला माझी आय रातभर जागली. मेघालीच्या पोराला कोन जागंल? भिंत?" बाळाची पाचवी म्हणजे जन्मापासून पाचवी रात्र. त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळावर लिहून जाते आणि घरातले बाईमाणूस जागे असावे लागते. माझा यावर विश्वास नाही. माझे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाले आणि तिथल्या सिस्टरांनी हे शिकवले नाही. परंतु ठमाबाईचा आहे आणि प्रश्न तिच्या नातवंडाचा होता. मी तिला म्हटले, आपण गाडीने जाऊ.

बेत संपूर्णपणे माझा होता, ही गोष्ट मी नाकारत नाही. आमच्या गावातून मानकोलीला बाहेर पडले की आग्रा रोड लागतो, आणि तोच रस्ता कुठेही न वळता इंदूरला जातो. साडेपाचशे किलोमीटरच्या थोडे वर. प्रवास एका दिवसातच व्हायला हवा होता, त्याची कारणे दोन. एक, समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे माझ्या डोळ्यांना सहन होत नाहीत, म्हणून उजाडताना निघून अंधाराच्या आत पोचणे भाग होते. दोन, वाटेत मुक्काम केला तर लॉजवाला दोन म्हाताऱ्या बायकांना शंभर प्रश्न विचारतो. पुरुष कुठे आहेत, हा त्यातला पहिला.

चहा इगतपुरीला, जेवण मालेगावच्या पुढे, पेट्रोल शिरपूरला, आणि सेंधव्याचा घाट दुपारी उन्हात, असे ठरले. वार शुक्रवार मिळाला तर उत्तम, कारण शुक्रवारी भिवंडीतले यंत्रमाग, म्हणजे लूम, बंद असतात आणि रस्त्यावर टेम्पो कमी. चारही टायर मी नवीन घातले. ठमाबाईला गाडी लागते, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो असे सांगून आम्ही तीन वेळा सराव केला. पहिल्या वेळी तिला पडघ्याला उलटी झाली, दुसऱ्या वेळी शहापूरला, तिसऱ्या वेळी कसाऱ्यापर्यंत झालीच नाही. यापेक्षा चांगली तयारी करून गावातले एक तरी वऱ्हाड निघाले असेल तर मला दाखवावे.

सोमवारी दिनांक ५ रोजी मेघाली बाळंत झाली. पाचवी शुक्रवारी आली. ठमाबाई म्हणाली, "बघ, देवालाबी लूमची सुट्टी ठावं हाय."

बाळंतिणीसाठी डिंक, अळीव, सुंठ, खारीक हे सामान मी कल्याणहून आणणार होते. गावाजवळ काही घ्यायचे नाही, असे मी ठमाबाईला बजावले होते. तिने मान डोलावली आणि बुधवारी भाजी आणायला म्हणून जाऊन भिवंडीच्या बाजारात तीनबत्तीला तुळशीराम शेठच्या दुकानातून सगळे घेऊन आली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "माझी दोनी बालंतपनं त्याच्या डिंकावर झाली. कल्यानचा डिंक काय कामाचा? नुसता गोंद." मी तिला बोलले ते बोलले. वस्तू आल्या होत्या. गुरुवारी दुपारी माझ्या घरी लाडू वळले. वळायला आम्ही तिघी होतो. तिसरीचे नाव मला विचारण्यात आले, ते मी दिलेले नाही आणि देणार नाही. पाक तिने केला, तो चांगला झाला, एवढेच लिहून घ्यावे.

आज सकाळी उजाडताना साडेसहाला आम्ही माझ्या दारातून निघालो. ठमाबाईने मुलासाठी दोन वेळच्या भाकऱ्या भाजून फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. पळवून नेलेल्या बाईला तेवढी उसंत मिळाली होती, याची नोंद व्हावी. तिच्याबरोबर एक पिशवी, लाडवांचा डबा, तुपाची बरणी आणि बाळाचे चांदीचे वाळे होते. तक्रारीत ज्यांना घरातील दागिने म्हटले आहे ते हेच. ते तिने स्वतःच्या पायातल्या तोरड्या मोडून केले आहेत.

वाटेत आमचे बोलणे काय झाले असे विचारल्यावरून सांगते. पडघा गेल्यावर ठमाबाईने विचारले, "बाय, इंदूर नाशकाच्या म्होरं हाय का अल्याड?" मी सांगितले, पुढे, नाशिक म्हणजे अजून पावही रस्ता नाही. ती म्हणाली, "आयो! येवऱ्या लांब कोन रातं?" मी म्हटले, तुझी मुलगी राहते. त्यावर तिने पिशवीतले लिंबू काढून नाकाशी धरले. नंतर म्हणाली, "पोरीला हिंदी बोलावं लागत आसंल दिसभर. तोंड दुखत आसंल." कसारा घाट चढून वर आल्यावर तिने घाटनदेवीला ओटी भरायची म्हणून गाडी थांबवायला लावली. मी दहा मिनिटे दिली होती, तिने तीनपट घेतली. त्यानंतर चहा झाला. तिला उलटी झाली नाही.

याच सुमारास भिवंडीत जे घडले ते मला इथे ठाण्यात समजले. चहाच्या टपरीवर तुळशीराम शेठने मनोजला हाक मारून विचारले, "काय मनोजशेठ, घरात बाळंतीण आणि आम्हाला पेढे नाहीत?" मनोजच्या लग्नाला पाच वर्षे झाली. त्याला अजून मूल नाही. त्याला वाटले, चारचौघांत टोमणा मारला. तो शेठच्या अंगावर गेला. तेव्हा शेठने घाबरून सांगितले की तुझी आईच अळीव घेऊन गेली. मग मनोज घरी गेला. घरात आई नव्हती आणि बाहेर माझी गाडी नव्हती. तो तडक ठाण्यात आला आणि येथून माझ्या गाडीचा नंबर आग्रा रोडवर कळवला गेला. चार महिने मी घाट, टायर, पेट्रोल आणि माझे डोळे यांचा विचार केला. एका दुकानदाराच्या आनंदाचा विचार मी केला नव्हता.

नाशिकच्या अलीकडे आमची गाडी अडवण्यात आली. मी स्टिअरिंगवर बसले होते. तरी तेथील शिपायाने खिडकीतून आत पाहून विचारले, "ड्रायव्हर कुठंय?" मी म्हटले, तुमच्या समोर. मग त्याने विचारले, "पळवून आणलेली बाई कोण?" ठमाबाई नाकाशी लिंबू धरून बसली होती. ती घाबरून मागे वळून म्हणाली, "कोन? आमच्या गारीत हाय?" शिपाई हसला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सकाळपासून झालेल्या गोष्टींत तीच एक हसण्यासारखी होती.

आम्हाला परत आणण्यात आले. येताना गाडी मीच चालवली आणि मागच्या सीटवर एक महिला शिपाई होती. परतीच्या रस्त्यात ठमाबाईला दोनदा उलटी झाली.

ठाण्यात मनोज आधीच आला होता. तो मला म्हणाला, "काकी, तुमी शिकलेल्या. तुमाला हे शोभतं का? माझी आय भोली, तिला काय कलतं?" मी म्हटले, "तिला सगळं कळतं, म्हणून तर तुला सांगून निघाली नाही." तो म्हणाला, "तुमचं काय जातंय? तुमाला ना पोर ना बाल." हे त्याने सर्वांसमोर म्हटले. ते खरे आहे. त्याला लहानपणी ताप यायचा तेव्हा तो कोणाच्या मांडीवर झोपायचा, हे मी या जबाबात लिहून देत नाही, कारण त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

हवालदार गायकर यांनी ठमाबाईला विचारले, "मावशी, स्वखुशीनं गेलात का?" तिने आधी मनोजकडे पाहिले, मग फरशीकडे. मग म्हणाली, "बाय बोलली चल, मी गेलू."

तिचे म्हणणे खरे आहे. मी चल म्हटले होते. तिला आणखी काही विचारण्यात आले नाही. मी तिच्या बोलण्याला हरकत घेतली नाही आणि आता घेत नाही. तिला त्याच घरात जेवायचे आहे.

त्यानंतर साहेबांनी सांगितले की बाई सज्ञान आहे, गुन्हा होत नाही, घरचे भांडण घरी मिटवा. हे नाशिकच्या अलीकडे कोणी सांगितले असते तर आम्ही या वेळी सेंधवा ओलांडला असता.

मनोज आईला घेऊन निघाला. आवारात माझी गाडी उभी होती. ठमाबाई तिच्याजवळ थांबली, आणि मुलगा ऐकत असताना मला म्हणाली, "तूप उन्हात ठिऊ नको. आन लाडू पोरीला सकाली, अनशापोटी एकच. दोन देलंस तर तिला बादतील." एवढे बोलून ती मनोजच्या गाडीत जाऊन बसली. मनोज बसला नाही. तो माझ्या गाडीच्या काचेतून मागच्या सीटवरचा डबा, बरणी आणि पिशवी पाहत उभा राहिला. मग त्याने मला विचारले, "काय झालं तिला? पोरगा का पोरगी?"

मी सांगितले, पोरगी.

तो जाऊन गाडीत बसला. गाडी लगेच सुरू झाली नाही. आत काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. नंतर ते गेले. हा प्रश्न तो माझ्या ओट्यावर येऊन विचारू शकत होता. त्यासाठी दोन जिल्ह्यांच्या पोलिसांना त्रास देण्याची गरज नव्हती.

खोटी तक्रार दिल्याबद्दल मनोजविरुद्ध काही म्हणणे आहे का, असे मला विचारण्यात आले. नाही. मी दमले आहे.

आज रात्रीची पाचवी चुकली. मेघालीला मी येथून फोन करण्याची परवानगी मागितली, ती मिळाली. तिने विचारले, कुठपर्यंत पोचलात. मी सांगितले, आज निघायला जमले नाही.

माझे एवढेच सांगणे आहे की, उद्या शनिवार दिनांक १० रोजी मी पुन्हा निघणार आहे. लूम सुरू असतील, रस्त्यावर गर्दी असेल, म्हणून थोड्या अंधारातच, सहाला. गाडी तीच, रस्ता तोच, मुक्काम इंदूर. कोणालाही पुन्हा तक्रार द्यायला इथपर्यंत यावे लागू नये म्हणून ही माहिती मी आधीच देऊन ठेवते. मी ठमाबाईला हाक मारणार नाही आणि चल असेही म्हणणार नाही. गाडीत माझ्या शेजारच्या सीटचे दार मी आतून उघडे ठेवीन आणि सव्वासहापर्यंत थांबेन. त्यानंतर मी एकटी जाईन.

हा जबाब हवालदार गायकर यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला. "फूस" हा शब्द तक्रारदाराचा आहे, माझा नाही. बाकी सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम असून बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.

सही
विनिता चांगदेव तरे

समक्ष: पंढरी गायकर, पोलीस हवालदार