लाइट गेली तं?

‘‘अकोल्याच्या ईवायाले माणुसकी म्हणून नाई! लग्नाले तीन महिने झाले, घरी एक फोन नाई!’’... ईवाय म्हणजे व्याही, माझ्या माहेरचे! आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, हे सांगत होत्या आणि मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी! आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं आत जावं, की चहा थंड होऊ द्यावा? मी होऊ दिला. मग ‘चहा थंड काहून?’ हेही ऐकून घेतलं.

तुम्हाला सांगते, आमच्या अमरावतीच्या घरी बैठकीत एक फोन आहे, तारेचा, लोकरीचं झाकण घातलेला. घरात प्रत्येकाजवळ मोबाइल, त्या फोनला हात लागतो तो फक्त धूळ पुसायच्या फडक्याचा, पण मान त्याचाच! साक्षगंधातच, म्हणजे साखरपुड्यातच, मामाजींनी माझ्या आईला बजावलेलं, ‘‘मोबाइल काय, पोट्टेसोट्टेही उचलते. ईवायानं घरच्या फोनवर बोलावं.’’ आईनं नंबर देवघराच्या भिंतीवर लिहून ठेवला. आणि मला मोबाइलवर काय म्हणते? ‘‘दर गुरुवारी लावतो माय, वाजते, वाजते... कोणी उचलत नाई. अमरावतीचे लोकं मोठे!’’

मग मी सांगितलं का? अहो, पाठवणीच्या वेळी तिनंच कानात सांगितलेलं, इकडचं तिकडं करायचं नाही! नाही केलं. ते काम तारेचं होतं.

आणि अशातच आमच्या नवरोबांच्या, अंकुररावांच्या, डोक्यात इंटरनेटचा फोन शिरला! ‘‘बाबा, ते तार काढून टाकू. वायफायच्या डब्यातून फोन चालते, नंबर तोच, आवाज एकदम साफ!’’ मामाजींनी सुपारी कातरली. ‘‘अन् लाइट गेली तं?’’

‘‘बाबा, दिल्लीले फुकट!’’ ‘‘दिल्लीत कोण आहे आपलं? लाइट गेली तं?’’ ‘‘कोणाचा फोन आला ते दिसते!’’ ‘‘उचलला का समजतेच. लाइट गेली तं?’’ पंधरा दिवस! वरण वाढताना लाइट गेली तं, अंघोळीला जाताना लाइट गेली तं... एकदा अंकुर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘रागिणीले तं विचारा.’’ आत्याबाई म्हणाल्या, ‘‘ते कुठं बोलते!’’ खरंच आहे... मध्ये बोलायला फट तरी कुठे होती?

शेवटी परीक्षा ठरली. नवा फोन जुन्याशेजारी मांडला, आणि मे महिन्याच्या भर दुपारी मामाजींनी स्वतः उठून मेन स्विच पाडला! कूलर थांबला, डब्याचे हिरवे दिवे विझले, नवा फोन मुका! मामाजींचा चेहरा असा, की जणू पुन्हा नवरदेव झाले! ‘‘पाह्य! जुन्याले घरची लाइट लागतच नाई. सूनबाई, उचल आपला फोन, लाव अकोल्याले. पाहू तुही माय काय म्हणते!’’

झाकण काढलं. रिसीव्हर या कानाला लावला, मग त्या कानाला... टूं नाही, टां नाही! तुम्हाला सांगते, त्या घरात माझ्याइतकं गप्प आणखी कोणीतरी आहे, हे मला तेव्हा कळलं. तारेमागं नजर नेली. खिडकीबाहेर हातभर जाऊन तार तुटलेली, आणि तिथंच भिंतीत आमच्या लग्नाच्या मांडवाचा खिळा अजून तसाच! सगळे माझ्या तोंडाकडे पाहून राहिले...

मी रिसीव्हर ठेवला, झाकण नीट घातलं आणि म्हटलं, ‘‘मामाजी, मांडवातच तार तुटली. माही माय तीन महिन्यांपासून दर गुरुवारी याच नंबरवर तुमाले फोन लावून राहिली. आता तुमीच लावा तिले, मोबाइलवरून. लाइट गेली तरी लागते.’’