पारिजातकाखालचा नव्हे, ओस्मान्थसखालचा बुधला

(चीनमधलं शाओशिंग. पर्यटकांसाठी बांधलेली नवी करकरीत 'जुनी गल्ली'. बाओलिनच्या दुकानात एक प्रवासी मुलगी. दारात त्याची थोरली बहीण युएजन, हातात पिशवी.)

बाओलिन: ...मुलगी महिन्याची झाली की बाप तांदळाच्या दारूचा बुधला अंगणात, ओस्मान्थसच्या सुवासिक झाडाखाली पुरतो. उघडायचा तो तिच्या लग्नात. माझ्या ताईचा तसाच राहिला. लग्नाआधीच गेली बिचारी.

प्रवासी: अगंबाई! हाच का तो?

बाओलिन: हाच. हात नका लावू हं. विकायचे ते पलीकडे.

प्रवासी: शांघायमध्ये सगळी काच नि काच. इथे कसं, भिंतींनासुद्धा आठवणी आहेत! आजोबा, बाहेरून एक फोटो काढून येते.

युएजन: भिंतींचा रंग अजून हाताला लागतोय, बाओलिन.

बाओलिन: ताई? तू... फोन तरी करायचास!

युएजन: मेलेली बाई फोन कशी करणार?

बाओलिन: ते होय? अगं, गिऱ्हाइकांपुढे बोलायचं असतं काहीतरी. बस. चहा टाकतो.

युएजन: चहा नको. माझा बुधला दे. मी लग्न करतेय.

बाओलिन: या वयात? कोणाशी?

युएजन: लियांगशी. शेन्झेनला आमच्या बागेत सकाळी नाचायला येतो. पायात ताल नाही मेल्याच्या, पण रोज येतो. त्याला म्हटलं, आधी बाबांनी पुरलेली दारू आणते, मग सही करू.

बाओलिन: ताई, हा जो बुधला आहे ना...

युएजन: हा आपला नाही. आपल्या बुधल्यावर बाबांनी मोर काढला होता, एका पायाचा. माझा कुठाय?

बाओलिन: शिऊलानच्या लग्नात फोडला... माझ्याच लेकीसाठी पुरायचा राहून गेला होता. सासरची माणसं दारात उभी. वाटलं, तू काही आता लग्न करत नाहीस.

युएजन: दर नव्या वर्षाला फोनवर विचारत होते तुला. झाडाखालीच आहे म्हणायचास.

बाओलिन: गल्ली पाडली तेव्हा झाडही गेलं. कसं सांगणार होतो?

युएजन: मी कारखान्यात गेले म्हणून तू शाळेत राहिलास. ते सांगतोस का रे गोष्टीत?

(बाओलिन फडक्याने तो बुधला उगाच पुसू लागतो.)

युएजन: चव कशी होती?

बाओलिन: अं?

युएजन: दारूची.

बाओलिन: गोड होती. खूप गोड. लोक विचारत होते, कोणाची म्हणून.

युएजन: मग काय सांगितलंस?

बाओलिन: शिऊलानचीच म्हटलं.

प्रवासी: आजोबा, छान आला फोटो! माझ्या मैत्रिणीही आल्यात, त्यांनाही सांगा ना. आजी, तुम्ही इथल्याच? यांच्या बहिणीला ओळखत होता?

युएजन: हो. पुढच्या महिन्यात लग्न आहे तिचं.

प्रवासी: पण हे तर म्हणाले...

बाओलिन: ताई, थांब. जेवून तरी जा.

युएजन: नको, गाडी आहे. तू सांग पुढे. माणसं खोळंबलीत.